गादीवरचा लॅपटॉप

यंत्रं बोलायची आणि माणसं तेव्हाही ऐकत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. भागीरथीकाकूंच्या अर्ज भरून देण्याच्या दुकानात एक लॅपटॉप होता. दुकानाची लक्ष्मी म्हणून काकूंनी त्याला जाड मखमली गादीवर बसवला होता. त्याच्या पोटातल्या पंख्याचं नाक त्या गादीत रुतलं होतं. लॅपटॉप तापायचा आणि तापला की रखडायचा.

"सोमवारपर्यंत सुधार, नाहीतर भंगारात देते," असं बजावून काकूंनी त्याचा वेग ठरवणारा पॉवर प्लॅन सगळ्यात जोराचा लावला.

प्लॅन मिशीला पीळ देत आला. "आता बघा माझी कमाल!"

"अरे टिकोजीराव," पंखा खवळला, "याला कुणी बांधून ठेवलं असतं तर तू सोडवलं असतंस. इथं श्वासच कोंडलाय! तू चाबूक ओढणार, हा आणखी तापणार, आणि याच्याबरोबर मीही भंगारात जाणार!"

"मेल्याची घरघर वाढली," काकू म्हणाल्या.

सोमवारी भंगारवाला दारात उभा राहिला. तेवढ्यात काकूंच्या मांजरीला ती ऊबदार गादी आवडली. तिने नखं रोवून गादी ओढली, तसा लॅपटॉप खालच्या उघड्या फळीवर घसरला. पंख्याने पोटभर श्वास घेतला आणि लॅपटॉप भराभर चालू लागला.

"प्लॅन लागू पडला हो!" म्हणत काकूंनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

दसऱ्याला त्यांनी पडद्यावर प्लॅनचं पान उघडून हळदकुंकू वाहिलं आणि लॅपटॉपला नवी, दुप्पट जाड गादी शिवली.

खालून दबका आवाज आला, "मनीबाई, कुठं उलथलीस गं?"