मागच्यांना ऐकू आलं का?

फार पूर्वी, समुद्र दिवसातून दोनदा जिथल्या बांधांना भेटून परत जाई, अशा एका छोट्या राज्यात एक म्हातारा पंडित राहत होता. त्याने इतके ग्रंथ वाचले होते की लोक त्याला वाटेत थांबवून शंका विचारत. तो उत्तर देई आणि घरी आल्यावर स्वतःशीच पुटपुटत बसे, “मी सांगितलं ते बरोबर होतं ना?” त्याची बायको म्हणे, “उत्तरं गावाला वाटून येता आणि प्रश्न तेवढे घरी आणता!”

त्या राज्याची सभा उंडीच्या एका जुन्या झाडाखाली भरे. राजा दगडी ओट्यावर बसे, मंत्री सतरंजीवर आणि लोक जमिनीवर. तिथे एक रीत होती. हुकूम वाचून झाला की शिक्का उमटवण्याआधी राजाने उभं राहून विचारायचं, “मागच्यांना ऐकू आलं का?” मागची रांग “आलं, महाराज!” म्हणेपर्यंत शिक्क्याला हात लावायचा नाही. कधी वारा सुटलेला असे, कधी कुणाचं मूल रडत असे, मग हुकूम पुन्हा वाचावा लागे. कधी मागून एखादी बाई उठून म्हणे, “ऐकू आलं, पण पटलं नाय!” मग अर्धा दिवस त्यातच जाई. कामं सावकाश होत, मंत्री घाम पुसत राहत, पण हुकूम कुणाच्या डोक्यावर अचानक कोसळत नसे.

त्याच राज्यात एक नगरशेठ होता. त्याची गलबतं सात बंदरांत फिरत. त्याचा वाडा राजवाड्यापेक्षा एक मजला उंच होता, आणि राजाला वाईट वाटू नये म्हणून त्या वरच्या मजल्याच्या खिडक्या तो बंद ठेवी. इतका तो नम्र होता.

एके दिवशी तो हात जोडून म्हणाला, “महाराज, आपण झाडाखाली बसता आणि मी छपराखाली, याची मला लाज वाटते. दरबार मी बांधून देतो. राज्याच्या तिजोरीतलं काही नको.”

राजाला संकोच वाटला, मंत्र्यांना आनंद झाला आणि काम सुरू झालं.

सात वर्षं ते चाललं. दूर देशाहून गवंडी आले. शिंपल्यांचा चुना शंखाने घासून घासून त्यांनी असा गुळगुळीत केला की भिंतीत माणसाला आपलं तोंड दिसावं. वर घुमट उभा राहिला. घुमट कसला, दुसरं आकाशच होतं ते! एकही खांब मध्ये न घेता ते दगडी आकाश तोलून धरलेलं होतं. माथ्यावरच्या गोल झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा खाली उतरे आणि दिवसभर फरशीवर सावकाश चालत राही. पहिल्या दिवशी लोक आत आले आणि कुणी न सांगता त्यांचे आवाज बसले. एक कोळी मान वर करून पाहता पाहता मागच्या मागे बसलाच. पंडिताच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ग्रंथांत वाचलेलं सगळं वैभव त्याला या घुमटापुढे कोरडं वाटलं.

राज्याला मिळालेली कोणतीही वस्तू पंडिताने पारखल्याशिवाय वापरायची नाही, असा दंडक होता. म्हणून राजाने त्याला सिंहासनावर बसवलं. शेठ म्हणाला, “पंडितजी, डोळे मिटा आणि फक्त ऐका.”

पंडिताने डोळे मिटले. आणि त्याच्या अगदी कानाशी, जणू कुणी खांद्यावर वाकलं असावं, एक विड्याचं पान फाटल्याचा आवाज आला. त्याने दचकून पाहिलं. जवळ कुणीही नव्हतं.

“पान तिकडे फाडलं, पंडितजी,” शेठ हसला. त्याने हात नुसता हवेत फिरवला.

पंडिताच्या मनात एक शंका चुकचुकली. दाराशी, जिथे मागची रांग बसणार तिथे, जाऊन एकदा उभं राहावं का? पण दार लांब होतं. त्याचे गुडघे दुखत होते. सगळे मंत्री त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. ‘एवढ्या मोठ्या दानावर शंका घेणारा मी कोण?’ असं म्हणून त्याने ती शंका गिळली आणि लिहून दिलं: ‘या सभागृहात पान फाटलं तरी सिंहासनाला ऐकू येतं. सबब, मागच्यांना ऐकू आलं का, हे विचारण्याची आता गरज नाही.’

ते वाक्य दारावर दगडात कोरलं गेलं. पंडिताला शाल मिळाली.

मग एक नवल घडलं. राजा शहाणा झाला. पूर्वी एखाद्या निर्णयाला तो दोन सभा घेई. आता सिंहासनावर बसून क्षणभर डोळे मिटी आणि उत्तर तयार असे. “या घुमटाखाली बसलं की मला सुचतं,” तो भारावून म्हणे. “आतून आवाज येतो.” सगळी सभा थक्क होई. शेठही आपल्या ठरलेल्या बैठकीवर, पानाच्या डब्याशी, रुमाल तोंडाला लावून मान डोलावी.

राजाला जे सुचे ते असं असे. दगडी बांध नसलेल्या मिठागरांनी बाजारात मीठ आणू नये. दगडी बांध शेठचेच होते. मिठाच्या होड्यांनी धक्क्याला लागू नये. धक्का शेठच्या गलबतांना अपुरा पडत होता. तीन वर्षांत शेठच्या वाड्याला आणखी दोन मजले चढले आणि मिठागरांवरच्या झोपड्यांची शाकारणी व्हायची थांबली.

मिठागरातली एक म्हातारी दर वर्षी पंडिताच्या घरी मिठाची टोपली घेऊन येई. त्या वर्षी ती आली तेव्हा टोपली अर्धीच होती.

“आजी, टोपली हलकी का?” पंडिताने विचारलं.

“पुढल्या साली टोपलीपण नसंल, पंडितबाबा. खाडीच्या खालची सगली मिठागरं शेटच्या कोठीला द्यायचा हुकूम निघतोय. उद्या शिक्का पडणार. आमी जायचं कुठं? आमाला दुसरं कायपण येत नाय. खारं पाणी आडवायचं, उन्हाला द्यायचं, येवढंच येतं.”

“मग दरबारात सांगा ना.”

“तीनदा सांगितलं. म्हाराज हसले नि म्हनले, ‘बरं बरं.’”

“असं कसं होईल? तिथे पान फाटलं तरी ऐकू येतं.”

म्हातारीने कमरेवर हात ठेवले. “कुणाचं पान, बाबा? तुमी दाराजवल उभं राहून कदी ऐकलंय?”

 आतून पंडिताची बायको म्हणाली, “शंभर पोथ्यांची पानं उलटली, एक दार उलटून पाहिलं नाही!”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला तेव्हा पंडित आपल्या आसनावर गेला नाही. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, मिठागरातल्या माणसांमध्ये उभा राहिला. प्रधान हुकूम वाचू लागले. पंडिताने कान टवकारले. घुमटातून एक प्रचंड, गोड, अर्थहीन गुंजन खाली येत होतं. एका शब्दावर दुसरा शब्द चढत होता, त्यावर तिसरा, जसं भरतीचं पाणी पाण्यावरच फुटतं. ते ऐकायला इतकं सुंदर होतं की रागही येत नव्हता. आजूबाजूची माणसं तोंड वर करून, हात जोडून, आपल्याच घराचा निकाल ऐकत होती आणि त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

 आता बोलावं तर सगळ्या राज्यापुढे आपणच खोटे ठरणार. दारावरचं वाक्य पंडिताचंच होतं. न बोलावं तर शिक्का पडणार. ‘आणि माझंच चुकत असलं तर? म्हातारपणी कान गेले असले तर?’ त्याने शेजारच्या म्हातारीकडे पाहिलं. ती म्हणाली, “काय म्हनले ओ परधान?”

तेव्हा तो चालत सिंहासनापाशी गेला.

“महाराज, माझी परीक्षा चुकली. पान कुठे फाटलं ते मी पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले होते.”

मंत्री हसले. “पंडितजींना आता विश्रांती हवी,” एक म्हणाला.

“महाराज, फक्त एकदा दारापर्यंत चला. आणि प्रधानजींना पुन्हा वाचू द्या.”

राजा मनाने वाईट नव्हता. तो उठला. “बरं. मी दाराशी जातो. पण तुम्ही इथे बसा आणि हुकूम तुम्हीच वाचा. तुमचा आवाज मी कुठेही ओळखीन.”

राजा खाली उतरला, तशी माणसं भराभर बाजूला झाली. पंडित भीत भीत सिंहासनाच्या कडेवर टेकला. कागद हातात घेतला. आणि वाचायला तोंड उघडणार, तोच त्याच्या मनात एक विचार आला:

‘म्हातारा भित्रा आहे. दोन शब्द अडखळत बोलेल आणि गप्प बसेल.’

पंडिताला वाटलं, खरंच की. मी भित्राच आहे. गप्प बसलेलं बरं.

‘शिक्का आजच पडला पाहिजे. मिठागरवाल्यांचं काय, ती माणसं कुठेही जगतात.’

तेही त्याला पटू लागलं. केवढा मऊ आवाज होता तो, अगदी आपलासा! काळजाच्या आतून उमटल्यासारखा!  पण मग तो थबकला. सत्तर वर्षं तो आपल्या मनाचं ऐकत आला होता. त्याच्या मनात कधी एकही गोष्ट इतकी ठामपणे आली नव्हती. आलेल्या प्रत्येक गोष्टीमागे ‘बरोबर आहे ना?’ असा प्रश्न आल्यावाचून राहिला नव्हता. या विचाराच्या शेपटाला शंकाच नव्हती.

‘हा विचार माझा नाही.’

या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. त्याने समोर पाहिलं. सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला, आपल्या बैठकीवर, शेठ आपल्या मुनिमाच्या कानाशी लागला होता; आपली कुजबूज कुठे पोचते, याचं भान घाईत त्याला राहिलं नव्हतं. तोंडावर रुमाल होता. रुमाल हलला.

‘शाल दे आणखी एक, म्हणजे झालं.’

पंडित उठला, कागद तिथेच ठेवला आणि दाराशी राजाजवळ गेला. “महाराज, आपल्याला काय ऐकू आलं?”

“तुम्ही वाचलंत कुठे? नुसती कुजबूज घुमत होती.”

“मला मात्र सगळं ऐकू आलं.” आणि त्याने ती सगळी वाक्यं जशीच्या तशी सांगितली. ‘म्हातारा भित्रा आहे’ हेसुद्धा गाळलं नाही.

राजाचा चेहरा उतरला. त्याने वर घुमटाकडे पाहिलं. “तो आवाज,” तो हळूच म्हणाला. “तीन वर्षं मला वाटत होतं, मी शहाणा झालो.”

मग त्याने म्हातारीचा हात धरला. “आजी, शेठजींच्या बैठकीवर जाऊन बस. हळू बोल.” आणि स्वतः सिंहासनावर जाऊन बसला.

शेठला उठावं लागलं. म्हातारी त्या मऊ लोडाला टेकली, वर बघितलं आणि तक्रारच विसरली.

“अगो बाय,” ती पुटपुटली, “केवढं हाय हे!”

राजाच्या कानाशी ते शब्द आले. तो दचकला. मग हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. तीन वर्षांत मिठागरातला पहिला शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता, आणि त्यात कुठलंही गाऱ्हाणं नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. गाऱ्हाणं त्यानंतर आलं. ती बोलत राहिली, कवडसा अर्धी फरशी चालून गेला, आणि राजा मध्ये एकदाही बोलला नाही.

शिक्का त्या दिवशी पडला नाही. आधीचे दोन हुकूम मागे घेतले गेले. तरी मधल्या काळात राखण नसल्याने सात मिठागरांचे बांध समुद्राने नेले होते, ते परत आले नाहीत. शेठला कुणी हाकललं नाही. सभा पुन्हा उंडीच्या झाडाखाली गेली आणि तोही तिथे जमिनीवर बसू लागला. मुंग्या चावतात म्हणून तो कुरकुर करी. “चावतात खऱ्या,” लोक म्हणत, “पन त्या सगल्यांनाच चावतात, शेट.”

घुमट पाडला नाही. एवढी सुंदर वस्तू पाडायची कशी? तिथे आता सणावारी गाणी होतात. दारावरचं वाक्य पंडिताने पुसू दिलं नाही. त्याखाली एवढंच कोरायला लावलं: ‘परीक्षकाचे डोळे मिटलेले होते.’

राजाने त्याला पुढचं आसन देऊ केलं. त्याने मागच्या रांगेत, चपलांजवळची जागा मागून घेतली. हुकूम वाचून झाला की राजा उभा राहून विचारतो, “मागच्यांना ऐकू आलं का?” सगळ्यांच्या माना पंडिताकडे वळतात. तो लगेच उत्तर देत नाही. आधी डावीकडे विचारतो, मग उजवीकडे विचारतो, मग म्हातारीला विचारतो.

“आलं ओ बाबा,” ती वैतागून म्हणते, “किती येला इचारशील?”

तात्पर्य: राजाच्या कानाशी कोण बोलतं, हे सिंहासनावर बसून उमगत नाही, ते पाहायला डोळे उघडे ठेवून दाराशी, चपलांजवळ जाऊन उभं राहावं लागतं.