मेलेल्या गड्यांची ओळ

"तुम्ही एकदा 'थांब' म्हणालात तर तो ऐकेल की नाही, एवढंच विचारतोय मी. ऐकेल का?"

आत्मगिरीबाबांनी धुनीतलं एक लाकूड आत सारलं.

विचारणारे होते सुभानराव इंगवले, बालवीर कबड्डी संघाच्या मंडळाचे अध्यक्ष. स्वतः कधी मैदानात उतरले नव्हते, पण तालुक्यातल्या कुठल्या गड्याचा कुठला पाय कच्चा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. शनिवारचा उपास धरून, भर उन्हाचा माळ चढून आले होते. मठात स्वयंपाक माझ्याकडे असायचा. पीठ मळता मळता मी ऐकत होतो, कारण सुभानरावांचा आवाज न ऐकण्याची सोयच नव्हती.

"कोन?" बाबा म्हणाले.

"आकाराम. आकाराम सुतार. तुमचाच चेला तो. दम धरायला तुम्ही शिकवलंत त्याला."

"मग?"

सुभानराव सरसावून बसले.

"हंगाम अर्धा सरला, बाबा. वरच्या दोन संघांचं काही खरं नाही. भैरोबावाल्यांचा उजव्या कोपऱ्याचा गडी दुखावलाय. नदीकाठच्यांचा तो नवा पोरगा चढाई झकास करतो, पण पाय धरला की लगेच बसतो. आणि आमचा डावा कोपरा बघा तुम्ही. काय पायपकड आहे! घोरपडीसारखी. उरलेल्या सामन्यांत आम्ही वर जाऊ शकतो. अडचण एकच आहे."

"आकाराम."

"आकाराम." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अडतिशी उलटली. गुडघ्याला पट्टा बांधून उतरतो. परवा एका मिसरूड न फुटलेल्या पोरानं त्याला मध्यरेषेजवळ लोळवलं. लोक हसले, बाबा. आकारामला हसले! मी खुर्चीत मान खाली घालून बसलो. घरी गेल्यावर घास उतरला नाही."

हे काही ते रंगवून सांगत नव्हते. डोळे खरोखरच भरून आले होते.

"वीस वर्षं बघतोय मी त्याला. बायकोच्या बाळंतपणाला गेलो नाही, त्याच्या फायनलला गेलो. त्याचं नाव राहिलं पाहिजे. उद्या मंडळानं सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. आमदार येणार आहेत. तिथंच खेळ सोडला म्हणून त्यानं जाहीर करायचं. नाव कायमचं राहील."

"आन तो काय म्हनतो?"

"तो म्हणतो, मला खेळायचंय."

"आन?"

"एवढंच म्हणतो. दुसरं बोलतच नाही काही."

बाबांनी चिमट्यानं निखारे सारखे केले.

सुभानरावांनी दुसरीकडून सुरुवात केली. "आमचा एक जुना कॅप्टन होता," ते म्हणाले. "असाच रेंगाळला. आता लोक त्याचं काय सांगतात? शेवटच्या वर्षी चढाईत त्याचा दम तुटला आणि मधेच खोकत बसला, तेवढंच सांगतात. आधीचं सगळं पुसलं गेलं. आणि शिदू कदमचं बघा."

"शिदूचं काय?"

"ऐन भरात गेला. ट्रकखाली. त्या साली त्याला पकडणारा जन्मला नव्हता. इतकी वर्षं झाली, अजून त्याचं नाव काढलं की म्हातारी माणसं डोळे पुसतात. शिदू पडलेला कोणी बघितलाच नाही. पडायला तो राहिला कुठं?" सुभानरावांनी सुस्कारा सोडला. "शिदू वेळेत गेला, बाबा."

बाबांचा हात धुनीवर तसाच थांबला.

"काय म्हनलास?"

"वाईट अर्थानं नाही म्हणत मी. पण... वेळेत गेला."

बाबा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

"चल. बसू जरा."

"बसलोच होतो की. आता कुठं?"

"मैदानावर."

मी म्हणालो, "बाबा, भाकऱ्या टाकतोय मी." त्यांनी मागं बघितलंसुद्धा नाही. मी तवा खाली उतरवला आणि हात पुसत त्यांच्या मागं निघालो.

मठाच्या मागं कबड्डीचं एक जुनं मैदान आहे. बाबा उमेदीत होते तेव्हा खालच्या वाडीतली पोरं तिथं खेळायची. आता वाडीत पोरंच उरली नाहीत, सगळी पुण्याला. तरी मैदानाच्या रेषा पांढऱ्याशुभ्र असतात. चुना कोण टाकतं, मला माहीत नाही. मी टाकत नाही, आणि बाबांना वाकवत नाही. एकदा विचारलं होतं. "खेळनारे बघत्यात त्यांचं त्ये," असं म्हणाले. नंतर मी तो विषय काढला नाही.

मैदानाच्या कडेला बाद झालेल्या गड्यांची बसायची जागा आहे. बाद झालेला गडी म्हणजे मेलेला गडी, असंच बोलतात आमच्याकडे. मेलेले एकामागं एक ओळीनं बसतात. आपल्या गड्यानं चढाईत पलीकडचा कोणी टिपला, की ओळीतला पहिला जिवंत होऊन आत जातो आणि मागचे एकेक जागा पुढं सरकतात. जो आधी मेला, तो आधी उठतो. माळावर सगळीकडं गवत गुडघ्याएवढं वाढतं. त्या ओळीच्या जागेवर मात्र एक काडी येत नाही. बसून बसून जमीन गुळगुळीत झाली आहे. मला ती जागा कधीच आवडली नाही. झाडायला गेलो तरी मी तेवढी सोडून झाडतो.

बाबांनी ओळीच्या पार शेवटाकडं बोट दाखवलं. "बस."

"इथं? ही तर मेलेल्यांची जागा."

"व्हय."

"मग एवढ्या मागं कशाला? पुढं बसतो की."

"पुढं जागा न्हाई."

सुभानरावांनी रिकाम्या ओळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसले. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं म्हणून जाऊन बसले. पांढऱ्या लेंग्याला माती लागू नये म्हणून आधी रुमाल अंथरला.

"किती वेळ बसायचं?"

"उठवतील तवर."

"आणि नाही उठवलं तर?" आता त्यांना चेव आला. नियमाचं काही निघालं की त्यांना राहवायचं नाही. "अख्खा संघ बाद झाला की लोण होतो, बाबा. लोण झाला की सगळे पुन्हा उभे राहतात. कोणी कायमचा बसून राहत नाही. नियमच आहे तसा."

"हितं लोण न्हाई," बाबा म्हणाले. "शेवटचा गडी गेला, की खेळ सपला."

ते येऊन माझ्याजवळ बोरीच्या सावलीला बसले. ऊन डोक्यावर होतं आणि वारा पडला होता.

थोडा वेळ सुभानराव सगळ्यांसारखे बसले होते. घाम पुसला, घड्याळ बघितलं, आमच्याकडं बघून हात हलवला. मग त्यांनी घाम पुसायचं सोडलं. मान हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरू लागली, पुन्हा उजवीकडून डावीकडं. चढाई बघणाऱ्याची मान कशी फिरते ते मी पुष्कळ पाहिलंय. मधेच ते दचकले, जीभ चावली, मांडीवर हात मारला.

मैदान रिकामं होतं. मी शपथेवर सांगतो, तिथं चिटपाखरू नव्हतं.

मग ते एक जागा पुढं सरकले.

मला वाटलं, मुंगी चावली असेल. पण थोड्या वेळानं पुन्हा सरकले. आणि दर वेळी सरकताना थोडं अंतर ठेवत होते. पुढं बसलेल्याच्या पाठीला आपले गुडघे लागू नयेत म्हणून ठेवतो ना आपण, तेवढंच. रुमाल केव्हाच मागं राहिला होता.

"बाबा," मी म्हणालो, "ते सरकतायत."

"पुढं जागा व्हतीया."

उठून मठात जावं असं फार वाटत होतं. पण त्या ओळीकडं पाठ करायची हिंमत झाली नाही.

सुभानराव अचानक पुढं वाकले, पुढच्यानं काही विचारलं असावं तसे. ओठ हलले. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मनगट डोळ्यांजवळ नेलं, कानाला लावलं. चेहरा पांढराफटक पडला. मग ते आणखी एक जागा सरकले. आता ते ओळीत पहिले होते.

तिथं ते फार वेळ बसले. गुडघे छातीशी घट्ट धरून, डोळे मध्यरेषेवर रोखून.

आणि मग मलाही ऐकू आलं. कबड्डी-कबड्डी-कबड्डी... अगदी बारीक, एका दमात, दमलेल्या छातीतून. मधेच एक पाय जमिनीवर घासल्याचा आवाज. वारा असेल म्हणावं, तर बोरीचं पान हलत नव्हतं.

"आकाराम!"

सुभानराव किंचाळले. नेहमीचा मोठा आवाज नव्हता तो, गळा फाटल्यासारखा होता. "आकाराम, सोडू नको! मागं येऊ नको, आकाराम! टिप त्याला! गडी उठव! गडी उठव रे बाबा!"

ते रडत होते. हात पुढं पसरले होते. त्या हातांकडं बघवत नव्हतं.

मग ते उभे राहिले. उठले असं मी म्हणणार नाही. कोणी बखोट धरून खेचावं तसे वर आले, रेषेवरून धडपडत मैदानात गेले आणि मधोमध जाऊन थांबले. आवाज थांबला होता.

मी त्यांना हाताला धरून मठात आणलं. हात बर्फासारखा गार होता. पाण्याचा तांब्या दिला तर अर्धं पाणी अंगावर सांडलं.

बाबा धुनीजवळ बसले. "पुढं कोन व्हतं?"

"शिदू." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पाठीवरनं ओळखला. सगळ्या तालुक्यानं त्याची पाठच बघितलेली... तो वळला आणि मला विचारलं, किती मिनिटं राहिली? मी घड्याळ बघितलं. घड्याळ चालू होतं, बाबा. पण मला वेळ वाचता येईना."

"मग?"

"तो म्हणाला, मला खेळायचंय."

धुनीत काहीतरी तडतडलं. मी उगाचच दचकलो.

"केव्हाचा बसला होता तो तिथं..." सुभानराव म्हणाले. "मग उठला. पळत आत गेला. आत गेलेले मला दिसायचे नाहीत. दिसत होता एकच, आकाराम. सगळ्या चढाया एकटा तोच करत होता. एकेकाला तोच उठवत होता. गुडघ्याला पट्टा होता."

"लंगडत व्हता?"

"हो."

"लोक हसले आसतील."

सुभानरावांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. बाबांनी त्यांना रडू दिलं.

मी भाकऱ्या टाकल्या. उन्हं कलली. सुभानरावांना उपासाची केळी दिली, ती त्यांनी खाल्ली. पोटात काही गेलं तसा माणूस हळूहळू जागेवर आला. त्यांनी चष्मा पुसला, केस सारखे केले. पायरीवर बसून चपला घालताना ते पुन्हा अध्यक्षांसारखे दिसू लागले.

"उपासाचं ऊन लागलं मला," ते म्हणाले. "रिकाम्या पोटी एवढा माळ चढायलाच नको होता. भोवळ आली. काहीबाही दिसतं माणसाला."

"दिसतं की," बाबा म्हणाले.

"तिथं कोणी नव्हतं, बाबा."

"नसंल."

"मग उद्याचं ते... आकारामचं..."

"सांगतो की त्याला. थांब म्हनून. माझं ऐकंल तो. तू म्हन, आत्ता निरोप धाडतो."

सुभानराव एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. माळाकडं बघितलं, मैदानाकडं मात्र बघायचं त्यांनी टाळलं.

"खरंच कोणी नव्हतं तिथं," ते पुन्हा म्हणाले.

बाबांनी धुनीवर राख सारली.

"मग सुभाना... तुला उठवलं कुनी?"