दिवाणांनी पाटा नेला

कवठेगड संस्थानात दिवाणसाहेबांच्या मेण्यावर कुणीतरी दगड भिरकावला. साहेबांनी लगेच घरोघरचे दगड जप्त करवले. शिपायांनी पाटे-वरवंटेही सोडले नाहीत. श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या नैवेद्याचं पुरण वाटणार कशावर? येसूकाकू तडक कचेरीत गेल्या.

"साहेब, माझा पाटा द्या."

"घरात दगड असला की डोकं फोडायची बुद्धी होते, काकू!" दिवाण मिशीला पीळ देत म्हणाले.

"चाळीस वर्षं पाटा घरात होता, तशी बुद्धी कधी झाली नाही हो. तुम्ही तो नेलात, अन् सकाळपासून दुसरं काही सुचतच नाही!"

कचेरी खदखदून हसली. दिवाणांचा हात पगडीकडे गेला.

"सगळ्यांचेच पाटे परत करा रे!"

संध्याकाळी काकूंनी लेकरांना ओवाळलं आणि दूरच्या लेकरासाठी टाकतात तशा चार अक्षता दिवाणांच्या नावानंही टाकल्या.