तुळाजीचे चाक

नदीकाठच्या निंबधामण्याच्या मठात कृपागिरी महाराजांचा चातुर्मास चालू होता. भाविकहो, त्या श्रावणातली ही गोष्ट.

तिथल्या तुळाजी कुंभाराच्या गळ्यात गाठ झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी कर्करोग सांगितला आणि हात टेकले. गावातल्या प्रत्येक अंत्ययात्रेचे मडके तुळाजीच्या हातचे. एकदा तो सहज बोलून गेला, "माझं कोण घडवील?" थोरला भाऊ मल्हारी भडकला. "या घरात मरणाची भाषा नाही! रडायचं नाही!" त्याने चाक उचलून कोठीत टाकले.

तेव्हापासून तुळाजीची वाचा बसली. तोंड भिंतीकडे. त्याची बायको सगुणा त्या पाठीकडे बघत राही. पाठ हलली की हिचा श्वास चाले. तीन वर्षांची चिमा 'बाबा' म्हणत उंबऱ्याशी गेली, की ही तिला मागे ओढी. हे न बोलताच गेले तर? या एका धास्तीने ती रोज मठातल्या खांबाआड रडे.

मल्हारी चारचौघांत म्हणे, "आमच्या सगुणेने नवरा जिता असताना सुतक धरलंय! आणि बुवा तिला प्रसाद देतात!"

एका सोमवारी तुळाजीने पाणीही सोडले. महाराज स्वतः कुंभारवाड्यात आले. मल्हारी दारात आडवा झाला.

"बुवा, बरा करणार असाल तर या. नाहीतर आल्या पावली फिरा."

"बरे करणे आमच्या हाती नाही, बाबा. चाक बाहेर काढ."

"ते अशुभ आहे!"

"ज्याने घर पोसले ते अशुभ?"

मल्हारी हलला नाही. तेव्हा उभ्या जन्मात थोरल्या दिरापुढे न बोललेली सगुणा म्हणाली, "भावजी, सरा. मी काढते." तिने ते जड चाक ढकलत ढकलत अंगणात आणले आणि माती मळून गोळा त्यावर ठेवला.

महाराजांनी तुळाजीला धरून बसवले, दांड्याने चाकाला एकदाच गती दिली आणि दांडा बाजूला ठेवला.

"थांबेल आता," मल्हारी हसला.

चाक थांबेना! भाकऱ्यांची चवड भाजून व्हावी इतका वेळ गेला, तरी गरगरतच होते. तुळाजीची बोटे मातीत रुतली आणि मिटलेल्या गळ्यातून शब्द आले, "सगुणे, माती सैल मळलीस गं."

ती हसली की रडली, तिलाच कळेना. त्याने चिमाला मांडीवर घेतले, तिच्या मुठीवर आपला तळवा ठेवला. सुगड उभे राहिले.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"मलाही," सगुणा म्हणाली. एवढेच, पण किती दिवसांनी!

मग तो वळला. "दादा, माझं मडकं तू घडव. परक्या हातचं आणू नको."

मल्हारी नेहमी बाजार सांभाळी. चाकावर त्याचा हात कधी बसलाच नव्हता. "मला नाही जमायचं रे, तुळ्या..." म्हणता म्हणता त्याला हुंदका फुटला. त्याच क्षणी चाक थांबले.

"मी त्याला राखत होतो, महाराज!"

"ठाऊक आहे. पण राखता राखता त्याला आधीच घराबाहेर ठेवलेस. जा, माती ओली आहे तोवर बस त्याच्याजवळ."

आश्विनात तुळाजी गेला. तिरडीपुढचे मडके जरा वाकडे होते. दहाव्यानंतर मल्हारी मठात आला, पायरीवर डोके टेकले आणि भर सभेत मोठ्याने रडला. महाराजांनी सगुणेला खुणावले. खांबाआडून उठून तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.