विरजण कुणाचं?

कार्तिकात आवळीच्या झाडाखाली गाव जेवायला बसे आणि घरोघरचे डबे सगळ्यांत फिरत. त्या वर्षी इनामदारांनी मात्र आपला डबा वेगळा काढला. "आमच्या घराण्यात परक्या चुलीचं चालत नाही," ते म्हणाले.

पिठलं वाढणाऱ्या गोजराकाकूंचा हात थबकला. इनामदारांच्या पानातल्या घट्ट दह्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"दही घरचंच?"

"आमच्याच गाईंचं."

"आणि विरजण?"

इनामदारांनी बायकोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मांजरानं दही सांडलं, तेव्हा काकूंकडून आणलं होतं."

"माझं तरी माझं कुठं? मी कुंभारणीकडून आणलेलं," काकू म्हणाल्या. "एकट्याच्या घरात दूध विरजत नाही, दादासाहेब."

इनामदारांनी पत्रावळ पुढं सरकवली. "वाढा पिठलं."