टाचणी आणि स्कॅनर

कागद नुकतेच कॉम्प्युटरवर चढू लागले होते, तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या कचेरीत नवा स्कॅनर आला. टाचणीला भारी नवल वाटलं.

"भोक न पाडता कागद अर्जाला जोडतोस तरी कसा रे?"

"एका नजरेत!" म्हणत त्यानं अर्ज घेऊन आलेल्या कौतिकाबाईंचं रेशनकार्ड अर्जाला जोडलं. त्यांना सुनेच्या ऑपरेशनसाठी सरकारी मदत हवी होती.

आठवड्यानं अर्ज परत आला. 'कार्डावर सुनेचं नाव नाही.'

कौतिकाबाई कार्ड घेऊन पुन्हा कचेरीत आल्या.

"मी तर नीट पाहिलं होतं," स्कॅनर पुटपुटला.

"आणि मागची बाजू?" टाचणीनं विचारलं. "लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव मागेच चढवतात."

"मावशी, कार्ड पलटून ठेवा!" स्कॅनर ओरडला. नाव तिथंच होतं. "पण तुला कसं गं ठाऊक?"

"मला कागद जोडायचा तर आरपार जावं लागायचं."