रांजणात पेरलेला खडा

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, गळ्याशपथ. मी तिथे समोर उभा होतो. आता ती माझ्या पणजोबांच्या जन्माआधी घडली, हेही तितकंच खरं. पण त्यावर अडून बसलात तर गोष्ट राहून जाईल.

तर एका गावात एक कुंभार होता आणि त्याच्या शेजारी एक तेली. एकदा भर बाजारात तेली गमतीने म्हणाला, की याच्या मडक्यांपेक्षा माझ्या बैलाच्या गळ्यातली घंटा बरी वाजते. लोक हसले. कुंभारही हसला. संध्याकाळपर्यंत तेली ते विसरूनही गेला.

कुंभार विसरला नाही. बायको त्याला म्हणाली, जा, चार शब्द सुनावून या आणि मोकळे व्हा. तो म्हणाला, मी कुठे रागावलोय? आणि पुढची तीन वर्षं तेल्याला रोज हसून रामराम घालत राहिला.

मग तेल्याने तेलासाठी एक मोठा रांजण सांगितला. कुंभाराने त्या रांजणाच्या मातीत चुनखडीचे खडे मिसळले. असा खडा भट्टीत गुपचूप भाजून निघतो, पुढे ओल लागली की फुगतो आणि भांडं फोडतो. रांजण तेलाने भरलेला असतानाच फुटावा, एवढीच कुंभाराची इच्छा होती. घाई नव्हती.

पण उरलेली माती परत माती तुडवायच्या खड्ड्यात टाकायची, ही कुंभाराची जन्माची सवय. हात आपोआप वळला. दुसऱ्या दिवशी ते खडे सगळ्या मातीत तुडवले गेले.

चैत्रात घरोघरी त्याचे नवे माठ गेले. आठ दिवसांत टच्च, टच्च आवाज करत एकेक फुटू लागला. नदी कोसभर लांब, आणि डोक्यावरून आणलेलं पाणी जमिनीत जिरू लागलं. गाव पारावर जमलं. यापुढे मडकी दुसऱ्या गावच्या कुंभाराकडून आणायची, असं ठरत आलं.

तेवढ्यात तेली उठला.

"याच्या हाताला दोष देऊ नका," तो म्हणाला. "माझा रांजण येऊन बघा. टिचकी मारली तर माझ्या बैलाची घंटा लाजेल."

खरंच होतं. रांजणाच्या अंगात पहिल्या दिवशीच तेल मुरलं होतं, त्यामुळे ओल आत शिरलीच नव्हती. आता कुंभार गप्प बसला असता, तर त्याची अब्रूही वाचली असती आणि धंदाही.

तो उभा राहिला आणि खड्यांचं सगळं सांगून मोकळा झाला.

मग एक म्हातारी म्हणाली, "रागीट माणूस मडकं आपटतो, लेकरा, आणि रडत बसतो. मडक्यात खडा ठेवून वाट बघतो, त्याला खुनशी म्हणतात."

कुंभाराने मान खाली घातली, पण घरी जाऊन तो बसला नाही. अख्खा खड्डा उपसला, नवी माती आणली, मूठमूठ चाळली. बोटांची सालं निघाली तरी थांबला नाही. प्रत्येक घरात नवा माठ स्वतः नेऊन ठेवला. शेवटी तेल्याकडे गेला. तेली म्हणाला, "अरे, घंटेचं मी म्हणालो होतो?" आणि त्या दिवशी कुंभाराच्या मनातला राग कायमचा गेला.

आता कबूल करतो, हे शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. राग गेला की नाही, ते कुणी पाहिलंय? माती मात्र तो मरेपर्यंत रोज चाळत होता.

तात्पर्य: राग आला तर बोलून टाकावा, जपून ठेवलेला राग आधी आपलीच माती नासवतो.